एकदा पैसे घेतले म्हणजे हक्क संपला?

अंधेरी पश्चिमेला न्यू लिंक रोडच्या आसपास चित्रपट, मालिका आणि गाण्यांचा केवढा व्यवहार चालतो हे मुंबईकराला सांगायला नको. पटकथालेखकांच्या संघटनेचं कार्यालयही तिथंच आहे. या व्यवहारात एक वाक्य इतक्या सहजपणे फेकलं जातं, की नव्यानं लिहिणारी मुलंमुलीही ते नियम म्हणून स्वीकारतात: "एकदा पैसे घेतले ना? मग विषय संपला." निर्माता हे म्हणतो, यात नवल नाही. पण सुशिक्षित वाचक-श्रोतेही तेच म्हणतात आणि वर गवंड्याचा दाखला देतात. गवंडी घर बांधतो, मजुरी घेतो, पुढं त्या घराच्या भाड्यात तो वाटा मागतो का? दाखला ऐकायला बिनतोड वाटतो, पण कायद्याच्या दृष्टीनं तो चुकीचा आहे. डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागानं कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कॉपीराइट यांवरचं कार्यपत्र चर्चेसाठी मांडलं. तेव्हापासून हाच गैरसमज नव्या वेशात फिरतो आहे. म्हणून तो मुळापासून तपासायला हवा.

या समजुतीला एके काळी कायद्याचा आधार होता, हे आधी मान्य करू. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १७ असं होतं, की निर्मात्यानं मोबदला देऊन काम करवून घेतलं आणि वेगळा करार नसला, तर पहिला मालक निर्माता. गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस १९६९ मध्ये स्थापन झाली आणि तिनं गाण्यांच्या सार्वजनिक वापरासाठी दर जाहीर केले. निर्मात्यांच्या आणि चित्रपटगृहांच्या संघटनांनी हरकत घेतली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७७ मध्ये निकाल निर्मात्यांच्या बाजूनं लागला. त्याच निकालाला न्या. कृष्ण अय्यर यांनी वेगळं टिपण जोडलं. गाणं ज्याच्या गळ्यामुळं लोकांच्या मनात उतरतं त्या गायकाला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही, याकडे त्यांनी संसदेचं लक्ष वेधलं. गायक-वादकांच्या हक्कांना कायद्यात जागा मिळायला १९९४ उजाडलं. गीतकार-संगीतकारांना तर २०१२ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे 'विषय संपला' हे वाक्य पस्तीस वर्षं खरं होतं. आज ते खरं नाही, आणि हे बदलून एक तप लोटलं तरी लोक ते म्हणतच आहेत.

२०१२ मध्ये नेमकं काय बदललं? राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य जावेद अख्तर यांनी सभागृहात गीतकार-संगीतकारांची बाजू मांडली, मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती मंजूर केली आणि २१ जून २०१२ पासून ती लागू झाली. या दुरुस्तीनं मालकी आणि रॉयल्टी या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. गीतकार आजही आपल्या गाण्याची मालकी निर्मात्याला किंवा संगीत कंपनीला लिहून देऊ शकतो. पण चित्रपटगृहात चित्रपटासोबत ते गाणं वाजतं, तो वापर सोडून बाकी कुठंही, म्हणजे रेडिओवर, टीव्हीवर, मोबाइलच्या अ‍ॅपवर, हॉटेलात किंवा मॉलमध्ये ते वाजलं, तर येणाऱ्या रॉयल्टीत त्याचा समान वाटा राहतो. हा वाटा तो वारसांना किंवा नोंदणीकृत कॉपीराइट सोसायटीला देऊ शकतो, इतर कोणालाही नाही. तो सोडून दिला असं करारात लिहून घेतलं, तर कायद्याच्या लेखी ते लिखाण रद्द ठरतं. मराठीत यासाठी दोन शब्द आधीपासून आहेत. काम केल्याचं मिळतं ते मानधन. काम पुन्हापुन्हा वापरलं जातं त्याची मिळते ती रॉयल्टी. एक घेतल्यानं दुसरी संपत नाही.

गवंड्याच्या दाखल्याचं उत्तरही इथंच आहे. घरात एका वेळी एक कुटुंब राहतं आणि घराची किंमत बांधतानाच बरीचशी ठरलेली असते. गाण्याची किंमत लिहिताना कोणालाच माहीत नसते. दहातली आठ गाणी महिन्याभरात विसरली जातात आणि एखादंच पन्नास वर्षं वाजत राहतं. कोणतं वाजेल हे ठाऊक नसताना नवख्या गीतकाराकडून पन्नास वर्षांचं उत्पन्न एका धनादेशात विकत घ्यायचं, याला बरोबरीचा सौदा म्हणता येत नाही. यावर पुढचा आक्षेप येतो, की जोखीम निर्मात्याची, पैसा त्याचा, मग वाटा का द्यायचा? म्हणूनच तर कायद्यानं चित्रपटगृहातल्या उत्पन्नाला हात लावलेला नाही. निर्माता ज्या गल्ल्यावर जोखीम घेतो तो त्याचाच राहतो. वाटा मागितला आहे तो त्यानंतरच्या वापरात, आणि तोही समान, सगळा नव्हे. यापेक्षा मध्यममार्गी तडजोड शोधून सापडायची नाही.

आता ग्राहकाची तक्रार. "म्हणजे अखेर भुर्दंड आमच्यावरच." रेडिओ ऐकणारा किंवा हॉटेलात जेवणारा माणूस रॉयल्टी भरत नाही, ती रेडिओ कंपनी आणि हॉटेल भरतं. खर्चाचा काही अंश अखेर दरात उतरतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तो वीजबिलाचा आणि जागेच्या भाड्याचाही उतरतो, आणि त्यासाठी वीज फुकट मागावी असं कोणी म्हणत नाही. शिवाय सोसायटीला आपले दर जाहीर करावे लागतात आणि ते अवाजवी वाटले तर त्यांविरुद्ध दाद मागता येते. याच्याच जोडीला दुसरी तक्रार येते, की एकाच गाण्याचे दोन-दोन ठिकाणी पैसे मागतात, ही लूट आहे. गाण्यात शब्द असतात, चाल असते आणि ध्वनिमुद्रण असतं. शब्द आणि चालीच्या रॉयल्टीसाठी आयपीआरएस आहे, ध्वनिमुद्रणाचे परवाने पीपीएल किंवा नोव्हेक्ससारख्या संस्था देतात. हक्क वेगळे म्हणून पावत्या वेगळ्या. परवाना देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत सोसायटीला आहे की मालकालाही, यावर मात्र न्यायालयांत खराखुरा मतभेद आहे. मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२४ मध्ये मालकाच्या बाजूनं कौल दिला, दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठानं एप्रिल २०२५ मध्ये वेगळं मत मांडलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. या गोंधळामुळं मुलुंड किंवा घाटकोपरचा हॉलवाला वैतागत असेल, तर त्याचा वैताग रास्त आहे. पण त्यावरून रॉयल्टीच खोटी ठरत नाही.

लग्नाचं काय, हा उपनगरांतल्या हॉलमध्ये हमखास येणारा प्रश्न. कलम ५२ मध्ये धार्मिक विधीला सूट आहे, आणि वरात आणि लग्नाशी जोडलेले इतर समारंभ त्या सुटीत येतात, असं तिथंच स्पष्ट लिहिलेलं आहे. २४ जुलै २०२३ ला केंद्राच्या याच उद्योग आणि अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागानं जाहीर सूचना काढून याची आठवण करून दिली. गोवा सरकारनं जानेवारी २०२४ मध्ये असंच परिपत्रक काढलं. ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं, आणि लगेच समज पसरला की लग्नातली सूट गेली. सूट गेलेली नाही. कलम जागच्या जागी आहे. रद्द झालं ते परिपत्रक, कारण कायद्यानं दिलेल्या सुटीची व्याप्ती सरकारी आदेशानं वाढवता येत नाही. गणपतीच्या आरतीलाही याच कलमाचं संरक्षण आहे. तिकीट लावून भरवलेल्या दांडियाला मात्र धार्मिक विधी म्हणणं मला पटत नाही.

काही गैरसमज एका वाक्यात निकालात निघतात. तीस सेकंदांपर्यंत गाणं वापरलं तर चालतं, असा कोणताही नियम आपल्या कायद्यात नाही. मूळ कलाकाराचं नाव दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. नोंदणी केली नाही तरी हक्क असतो, लिहिल्या क्षणापासून. इंटरनेटवर दिसतं ते सगळ्यांना दिसतं, सगळ्यांचं होत नाही. आवाजाला कॉपीराइट नसतो, पण म्हणून आशा भोसले यांचा आवाज यंत्रानं बनवून विकायला मोकळीक मिळत नाही. मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२५ मध्ये व्यक्तिमत्त्वाच्या हक्काच्या आधारे त्यांना अंतरिम संरक्षण दिलं. अभ्यासासाठी निवडक प्रकरणांची झेरॉक्स हा गुन्हा नाही, दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये तसा निर्वाळा दिला. आणि लेखक गेला की पुस्तक सर्वांचं होतं, हेही खरं नाही. मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं साहित्य २०११ पासून मुक्त आहे. घाटकोपरच्या चिरागनगरात ज्यांच्या आयुष्याची बरीच वर्षं गेली ते अण्णाभाऊ साठे १९६९ मध्ये गेले, म्हणजे 'फकिरा'वरचा हक्क २०२९ च्या अखेरीपर्यंत जिवंत आहे.

आता नव्या प्रस्तावाकडे. कार्यपत्रानं सुचवलेली व्यवस्था थोडक्यात अशी आहे: कायदेशीररीत्या हाती आलेलं कोणतंही साहित्य, संगीत किंवा चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रशिक्षणासाठी वापरायची कंपन्यांना सरसकट मुभा. त्या बदल्यात, व्यवसायातून कमाई सुरू झाली की कंपन्यांनी रॉयल्टी भरायची. दर सरकारनं नेमलेली समिती ठरवणार, वसुली आणि वाटप एक मध्यवर्ती संस्था करणार. लेखक-कलावंताला मात्र नकार देता येणार नाही. हा अजून कायदा नाही, प्रस्ताव आहे. तरीही "कॉपीराइट संपला" अशी आवई उठली आहे, आणि दुसरीकडून जुनंच वाक्य ऐकू येतं: "पुस्तक विकत घेतलं, यंत्रानं वाचलं, आता आणखी पैसे कशाचे?" पहिली आवई चूक आहे, कारण प्रस्तावात मोबदल्याचा हक्क स्पष्ट आहे आणि प्रशिक्षण सोडून इतर वापरांना तो हात लावत नाही. दुसरं वाक्य त्याहून चूक आहे. वाचक पुस्तक वाचतो तेव्हा त्याची प्रत बनत नाही. यंत्राला शिकवताना लाखो पुस्तकांच्या प्रती केल्या जातात, आणि प्रत करण्याचा अधिकार हाच तर कॉपीराइटचा गाभा आहे.

तंत्रज्ञान उद्योगांची संघटना नॅसकॉम हिनं सक्तीच्या शुल्काला विरोध नोंदवला आहे. ज्यांना नको त्यांनी आपलं साहित्य बाहेर काढावं आणि बाकीचं मोकळं ठेवावं, असं तिचं म्हणणं. नव्या भारतीय कंपन्यांवर बोजा पडेल, हा तिचा मुद्दा हलका नाही. पण बाहेर पडण्याची वाट मोठ्या संगीत कंपनीला जमेल. बोरिवलीत बसून मराठी बालगीतं लिहिणाऱ्या माणसाला आपल्या ओळी कोणत्या संगणकात गेल्या हे कळणार तरी कसं? त्याच्यासाठी सक्तीची रॉयल्टीच उपयोगाची. माझा आक्षेप वेगळा आहे. २०१२ मध्ये कायद्यानं गीतकाराला असा हक्क दिला जो त्याच्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही. नवा प्रस्ताव मोबदला देतो, पण 'नाही' म्हणण्याचा अधिकार काढून घेतो. ही देवघेव मान्य करायची असेल, तर मोबदला खरोखर हाती पडेल याची हमी कलमातच हवी. एकाच मोठ्या थैलीतून वाटप होणार असेल, तर मराठीचा वाटा कसा मोजणार, कोण मोजणार आणि लेखकाला तो हिशेब तपासता येईल का, हे आधी लिहून मिळालं पाहिजे.

ही धास्ती काल्पनिक नाही. दुरुस्ती २०१२ ची. आयपीआरएसची नव्यानं नोंदणी झाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. आणि रेडिओ कंपन्यांनी गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी भरलीच पाहिजे, हे मुंबई उच्च न्यायालयाला २८ एप्रिल २०२३ च्या आदेशात सांगावं लागलं. हक्क कागदावर येणं आणि पैसे हातात येणं यांत अकरा वर्षं गेली, आणि ज्यांनी वाट पाहिली त्यांतले कित्येक तोवर राहिले नाहीत. यंत्रांच्या वेगापुढं अकरा वर्षं म्हणजे हक्क नसल्यातच जमा.

तोवर जे हातात आहे ते तरी सोडू नका. चित्रपटासाठी किंवा स्वतंत्र गाण्यासाठी लिहिताना करारात "रॉयल्टीचा हक्क कायमचा सोडत आहे" असं वाक्य दिसलं, तर घाबरू नका आणि गप्पही बसू नका. तिथं बोट ठेवा आणि समोरच्याला कलम १८ वाचायला सांगा. ते वाक्य २१ जून २०१२ पासून रद्दबातल आहे.