सायकलच्या नळीतली बॅटरी

१९८०च्या दशकातली एखादी पोलादी माउंटन बाइक अडगळीतून बाहेर काढा आणि सीट वर-खाली करून पाहा. बोल्ट सैल केला तरी दांडा ढिम्म हलत नाही. गंजला असणार, आपण म्हणतो. पण दांडा तर ॲल्युमिनियमचा, त्याला तांबडा गंज चढतच नाही! मग एवढं घट्ट धरलंय कुणी?

बॅटरीनं. खरोखरच्या बॅटरीनं! बाहेरची नळी पोलादाची, आतला दांडा ॲल्युमिनियमचा. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि फटीत पावसाचं पाणी, घामाचं मीठ. १८०० साली व्होल्टानं दोन धातू आणि खारं पाणी घेऊन वीज काढली, तोच हा मामला. यात बळी जातो ॲल्युमिनियमचा.

पण दांडा झिजला तर सैल व्हायला हवा ना? गंमत इथेच आहे. झिजलेल्या ॲल्युमिनियमचं पाण्याशी मिळून पांढरं हायड्रॉक्साइड बनतं आणि त्याला मूळ धातूच्या जवळपास तिप्पट जागा लागते. अरुंद फटीत ते जाणार कुठे? झिजता झिजता दांडा फुगतो!

तेल झिरपवून पाहावं, पण ही भुकटी तेलात विरघळत नाही. त्यापेक्षा थंडी कामाची. तापमान बदललं की ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट आकसतं किंवा पसरतं. दांड्याच्या पोकळीत उणे ७८ अंशांचा कोरडा बर्फ भरला, तर २७ मिलीमीटरचा दांडा कितीसा आकसेल? फार तर केसाच्या जाडीइतका. पण तेवढ्यानं पकड मोडू शकते. मग दांडा व्हाइसमध्ये आवळून अख्खी फ्रेमच फिरवायची.

तरीही हटला नाही, तर कॉस्टिक सोडा. तो ॲल्युमिनियम आणि ती भुकटी दोन्ही खाऊन टाकतो, पोलादाला मात्र हात लावत नाही! तो कातडी जाळतो आणि वर पेट घेणारा हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावर, हातमोजे-चष्मा घालूनच.

पेडल अडलं असेल तर जोर लावण्याआधी दिशा तपासा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दोन्ही बाजूंना पान्हा वर उभा धरून मागच्या चाकाकडे ओढला की पेडल सुटतं. आणि काहीही परत बसवताना आधी ग्रीस: फटीत पाणीच शिरलं नाही, तर बॅटरी चालणार कशी?