हवेच्या गादीखाली काय?

कराडजवळ मलकापूरला कृष्णा रुग्णालय आहे, १९८४ मध्ये सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय आहे. पाटण, शिराळा, कडेगाव या भागांतले रुग्ण उपचारांसाठी इकडेच येतात. पक्षाघात, खुब्याचे मोडलेले हाड, मणक्याची दुखापत अशा आजारांत डिस्चार्जनंतरची खरी लढाई घरी सुरू होते. मग सर्जिकल दुकानातून एअर बेड, म्हणजे हवेची गादी, येते. पंप कसा लावायचा हे दुकानदार दाखवतो. गादी कशावर अंथरायची हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. घरात जी खाट असेल, तिच्यावरच ती पडते.

अंथरुणात पडून होणाऱ्या ज्या जखमा, म्हणजे बेडसोअर, टाळायला ही गादी आणतात, त्यांचे मूळ दाबात आहे. १९३० मध्ये यूजीन लँडिस यांनी माणसाच्या नखाच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म नळी घालून रक्ताचा दाब मोजला. धमनीकडच्या टोकाला तो सरासरी ३२ मिलिमीटर पारा भरला. बाहेरचा दाब बराच वेळ याहून जास्त राहिला, तर त्वचेचा रक्तपुरवठा तुटू लागतो. लँडिस यांनी मोजलेली माणसे निरोगी होती. अशक्त, मधुमेही किंवा वृद्ध शरीराला त्याहून कमी दाबही सोसत नाही.

आता थोडे गणित. ६० किलो वजन ३२ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबावर तोलायला सुमारे १,४०० चौरस सेंटिमीटर जागा पुरते, म्हणजे जेमतेम सव्वादोन ए-फोर कागद. माणसाची पाठ त्याहून कितीतरी मोठी आहे. मग जखम का होते? कारण वजन पाठभर पसरत नाही. ते माकडहाड, टाचा आणि खांद्याची पाती यांच्यावर एकवटते. एअर बेडमधले फुगे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात, त्यामुळे भाराची जागा काही मिनिटांनी बदलत राहते.

हवा वजन नाहीसे करत नाही, फक्त वाटून देते. पास्कलच्या नियमाप्रमाणे बंद फुग्यातला दाब सर्व बाजूंना सारखा असतो, म्हणून वरून येणारा रेटा खालच्या आधाराने जसाच्या तसा पेलावा लागतो. नवारीची सैल खाट तो पेलू शकत नाही. ती मध्ये झोळीसारखी खोलगट होते, कंबर खाली जाते आणि सगळा भार पुन्हा माकडहाडाकडे सरकतो. शिवाय उतारावर शरीर घसरते: हाड पुढे सरकते, त्वचा चादरीला धरून राहते आणि मधल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात. उशाकडची बाजू ३० अंशांहून जास्त उचलली तरी हेच घडते.

म्हणून खाली सपाट, न वाकणारा आधार हवा: लोखंडी कॉट किंवा जवळजवळ फळ्या ठोकलेला लाकडी पलंग. पारख सोपी आहे. उशापासून पायथ्यापर्यंत दोरी ताणून बांधावी आणि घरातल्या धडधाकट माणसाने दोरीशेजारी मध्यावर बसावे. दोरीखालचा तळ ठळकपणे खाली गेला, तर जाड प्लायवूड टाकल्याशिवाय ती खाट वापरू नये.

पण बाजारात सर्रास मिळणारी पातळ फुग्यांची गादी थेट फळीवरही टाकू नये. मध्ये फोमची किंवा कापसाची घट्ट, समतल गादी हवी. पावसाळ्यात पाटण खोऱ्यात वीज गेली, पंप थांबला आणि हवा उतरली, तर रुग्णाच्या हाडाखाली निदान ती गादी तरी उरते. काही जाड एअर बेड मात्र थेट पलंगावर टाकण्यासाठीच बनवलेले असतात. त्यासोबतची सूचना वाचूनच ठरवावे.

रुग्ण झोपल्यावर हाताची चाचणी करावी. फुगे भरलेले असताना तळवा वर करून हात एअर बेडखाली, बरोबर माकडहाडाच्या जागी सरकवावा. हात आणि हाड यांच्यामध्ये अडीच सेंटिमीटरभर हवा लागली पाहिजे. हाड बोटांना टेकत असेल, तर आधी हवेचा दाब आणि मग खालचा आधार तपासावा. वर जाड गोधडी किंवा प्लास्टिक घालू नये. एकच सुती चादर, तीही सैल.

कोयना खोऱ्यातल्या ओलाव्यात अखंड प्लायवूडखाली बुरशी धरते, म्हणून त्याला भोके पाडून घ्यावीत. पलंगाची उंची साधारण शुश्रूषा करणाऱ्याच्या कमरेइतकी असली, तर कूस बदलताना त्याची पाठ धरत नाही. पंप पायथ्याच्या दांडीला अडकवावा आणि नळी कुठे मुडपली नाही ना, हे पाहावे.

एवढे सगळे जमले तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावीच लागते. अंग पुसताना माकडहाड आणि टाचा उजेडात पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबून सोडल्यावर फिकट होत नसेल, तर त्या जागेवरचा भार लगेच काढून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. सावळ्या त्वचेवर लाली सहज दिसत नाही, तिथे ती जागा आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा दुखरी लागते का, हे हाताने चाचपून पाहावे.