जुनी काया, नवं यंत्र : १९५७ ची शेव्हरोले बेल एअर

मूळ रूप राखून आतली यंत्रणा आजची बसवलेल्या जुन्या गाड्यांना अमेरिकेत ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. मागच्या उंच पंखांची बेल एअर ही त्यांतली लाडकी गाडी.

● इंजिन : मूळ गाडीत सहा सिलिंडरचं किंवा व्ही-८, मोठं व्ही-८ होतं ४.६ लिटरचं. आता बहुधा शेव्हरोलेच्याच ‘एलएस’ मालिकेतलं इंजिन बसवतात. त्यातलं ६.२ लिटरचं एलएस-३ सुमारे ४३० अश्वशक्ती देतं.

● गिअर : तेव्हा तीन गिअरचा मॅन्युअल किंवा दोन गतींचा पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक. आता ओव्हरड्राइव्हसह चार किंवा जास्त गती. त्यामुळे महामार्गावर इंजिन शांत चालतं.

● ब्रेक : तेव्हा चारही चाकांना ड्रम आणि ब्रेक ऑइलचा एकच मार्ग. कुठेही गळती झाली की सगळेच ब्रेक निकामी. आता डिस्क ब्रेक आणि दुहेरी मास्टर सिलिंडर.

● किंमत : मूळ इंजिनाचा क्रमांक जुळणाऱ्या गाडीचा संग्राहक वेगळा, रेस्टोमॉडचं गिऱ्हाईक वेगळं. रेस्टोमॉडचं मोल ठरतं कारागिरीवर.

घेण्याआधी : गाडी लिफ्टवर चढवून तळाचा पत्रा, चेसिसचा गंज आणि वेल्डिंग पाहा. रंगाखाली भरलेली पुट्टी चुंबक लावून ओळखता येते. चालकाच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावरचा गाडीचा क्रमांक मालकीच्या कागदांशी ताडून घ्या. नव्या भागांची बिलं आणि वायरिंगचा आराखडा मागा. ते मिळत नसतील, तर चकाकत्या रंगावर भाळू नका.