निजामाची दोन पै

गंगापूर तालुक्यातल्या कायगावाजवळ प्रवरा गोदावरीला मिळते. पलीकडच्या काठावर टोके, म्हणजे नेवासा तालुका. आज पूल ओलांडला की जिल्हा तेवढा बदलतो. १९४८ पर्यंत इथे राज्य बदलायचे, आणि त्याबरोबर नाणेही. अलीकडे निजामाचे हाली, पलीकडे इंग्रजांचे कलदार.

हाली रुपयाचे १६ आणे, आण्याच्या १२ पै. सामान्य माणसाच्या हातात जास्त करून फिरायची ती दोन पै, म्हणजे रुपयाचा ९६ वा भाग. पूर्वी हैदराबादेत तांब्याची नाणी हातोड्याने ठोकून घडवत. ती जाडजूड, ओबडधोबड. १९०३ मध्ये टाकसाळ सैफाबादला गेली आणि यंत्रावरची रेखीव दोन पै पाडली जाऊ लागली. एका बाजूला निजामाच्या किताबाची वळणदार तुघरा मोहोर, दुसऱ्या बाजूला किंमत आणि ‘फरखुंदा बुनियाद हैदराबाद’ हे टाकसाळीचे नाव. धातू कांस्य, पण त्यात बहुतांश तांबेच. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली. १९४३ मध्ये इंग्रज सरकारने भोकाचा पैसा काढला, त्याच सुमारास निजामाच्या दोन पैलाही मधोमध भोक पडले.

सात हालीला सहा कलदार, हा ठरलेला भाव. शंभर कलदारांचे ११६ हाली रुपये, १० आणे, ८ पै होत. हे प्रमाण धातूतच होते: हाली रुपयात सुमारे ९.१ ग्रॅम शुद्ध चांदी, तर १९४० पूर्वीच्या कलदारात सुमारे १०.७ ग्रॅम. तांब्याचे तसे नव्हते. चांदीचा रुपया कुठेही वितळवला तरी त्याला मोल होते. दोन पैचे मोल टिकून होते ते राज्याच्या शब्दावर. तरी हिशेब किती नेमका बसतो पाहा: बरोबर सात ‘दोन पै’ म्हणजे एक कलदार आणा. वरवर किचकट दिसणारा हा भाव बाजारात तोंडी सोडवता येण्याजोगा होता, आणि मला हीच या नाण्याची सर्वांत मोठी नवलाई वाटते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाचे राज्य संपले. नाणे लगेच संपले नाही. भोकाच्या दोन पैवर हिजरी १३६८ सालही सापडते, आणि ते साल नोव्हेंबर १९४८ मध्ये सुरू झाले! १९५० मध्ये भारतीय रुपया हालीच्या जोडीला आला, आणि त्या दशकात हाली व्यवहारातून उठले. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, तेव्हा आणे-पैचे गणितच सरले.

म्हणून गंगापूरकडचे जुने खरेदीखत हाती आले तर आकडा वाचून थांबू नये. त्यालगत हाली लिहिले आहे की कलदार, हे आधी पाहावे. त्यावरून रकमेत सातव्या हिश्श्याचा फरक पडतो.