गोदामाच्या छपरावरील बिनतारी खांब

पिकांची पाहणी म्हणजे तलाठ्याने दप्तर काखेस मारून शिवारात फिरावे व गाव नमुना बारामध्ये नोंद करावी, ही रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. आम्ही महसूल कचेरीत कारकुनी करीत असता अशा नोंदींची हजारो पाने आमच्या हाताखालून गेली. ता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्य सरकारने ई-पीक पाहणीच्या रूपाने हे काम खुद्द खातेदाराकडे सोपविले. त्याने आपल्या शेतात उभे राहावे, मोबाईलवर पिकाचे छायाचित्र घ्यावे, क्षेत्र भरावे व नोंद पाठवावी. पुढे २०२५ च्या हंगामापासून भारतीय कापूस महामंडळास हमीभावाने कापूस घालावयाचा तर 'कपास किसान' या ॲपवर अगोदर नाव नोंदविणे आले. म्हणजे ज्या गावी मोबाईलला संपर्क नाही, त्या गावच्या कास्तकाराचा कापूस शेतात पांढराशुभ्र फुटला तरी कागदावर तो उगवलेलाच नाही, असा प्रकार होऊ लागला.

पांढरकवड्याहून टिपेश्वरच्या जंगलाकडे निघाले म्हणजे नाल्याकाठच्या खोलगट गावांत व टेकडीआडच्या कोलाम पोडांत ही अडचण पदोपदी दिसते. मोठ्या कंपन्यांचे मनोरे हमरस्त्याच्या बाजूस. मध्ये सागाची टेकडी. अशाच एका गावी तेथील सोसायटीच्या गोदामावर बिनतारी खांब उभारण्याच्या कामी आम्ही दोन वर्षे खटपट केली. तीत जे चुकले व जे साधले, ते सांगावे म्हणून हा लेख. यंत्र विकत आणणे सोपे आहे. ते कोठे व कोणत्या क्रमाने बसवावे हे समजणे अवघड आहे, आणि गावे फसतात ती येथेच.

आपल्याच राज्यात हे काम शास्त्रशुद्ध रीतीने झालेले आहे, तो दाखला प्रथम देतो. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेतील प्राध्यापक अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर भागात खामलोली व आसपासच्या पाड्यांवर असा प्रयोग केला. दूरदर्शनसाठी राखलेल्या, परंतु बव्हंशी मोकळ्या पडलेल्या ४७० ते ५९० मेगाहर्ट्‌झच्या लहरी त्यांनी एका गावाहून दुसऱ्या गावी नेल्या आणि तेथे साध्या वाय-फायच्या पेटीतून लोकांच्या मोबाईलपर्यंत पोहोचविल्या. 'ग्राम मार्ग' या नावाने हे काम पुढे पालघरच्या पंचवीस गावांत नेले, तेव्हा त्यांनी ५.८ गिगाहर्ट्‌झच्या लहरी वापरल्या. या कामास २०१७ साली मोझिला संस्थेचे सव्वा लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळाले.

आता या दोन जातींच्या लहरींत फरक काय, हे कास्तकाराने अवश्य समजून घ्यावे. ५०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे दोन फूट लांब असते. ती झाडाझुडपांतून बऱ्यापैकी निभावून जाते. ५.८ गिगाहर्ट्‌झची लहर जेमतेम दोन इंच. सागाचे एक पान हिच्याहून कितीतरी मोठे, आणि ते पावसाने भिजलेले असेल तर लहर त्यातच जिरून जाते. पहिल्या जातीच्या लहरी आपणांस परवान्यावाचून वापरता येत नाहीत. दुसरीस २०१८ च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारने बऱ्याच मोठ्या पट्ट्यात मुभा दिली आहे. तेव्हा गावकऱ्यांच्या वाट्यास येते ती ही आखूड लहरच, व तिच्याशी जुळवून घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

आमची फजिती नेमकी येथेच झाली. तीन किलोमीटरवरील मोठ्या गावी ग्रामपंचायतीत तारेवाटे इंटरनेट आलेले होते. तेथून गोदामापर्यंत लहरी आणण्याचे काम एका व्यावसायिक कारागिरास दिले. त्याने वैशाखात खांब रोवले, दोन्ही टोकांस पसरट अँटेना लावल्या, यंत्रातील आकडा दाखविला आणि पैसे घेऊन तो गेला. हा आकडा उणे असतो व शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. त्या दिवशी तो उणे ६१ होता. सर्वांस आनंद झाला. आषाढ लागला तसा आकडा उतरू लागला आणि श्रावणात उणे ८२ वर येऊन संपर्क तुटला तो तुटलाच. नेमके पीक पाहणीचे दिवस. तरुण मंडळी मोबाईल घेऊन टेकडीवर चढू लागली. वृद्ध खातेदार व ज्यांच्या घरी करता पुरुष नाही अशा बाया खाली बसून राहिल्या. पाच खातेदारांची नोंद त्या वर्षी वेळेत गेली नाही. शेतातली नोंद मोबाईलमध्ये साठवून संपर्काच्या जागी गेल्यावर पाठविता येते हे खरे, परंतु ती पाठविणाऱ्याचे पाय चालते हवेत.

कारागीर पुन्हा आला नाही. त्याने यंत्र नादुरुस्त असल्याचे फोनवर सांगितले. यंत्रास काही झालेले नव्हते. वैशाखात साग निष्पर्ण असतो, त्याच्या काटक्यांतून लहर आरपार गेली. आषाढात पालवीने ती वाट भरून गेली, इतकीच गोष्ट. सागाच्या मुलखात उन्हाळ्यात घेतलेला आकडा खरा धरू नये. जागेची परीक्षा करावयाची ती श्रावण-भाद्रपदात, झाड पानांनी भरलेले व ओले असताना करावी.

याशिवाय एक सूक्ष्म गोष्ट आहे. एका अँटेनापासून दुसरीपर्यंत नजर पोहोचली म्हणजे झाले, असे लोक समजतात. तसे नाही. या लहरींस मध्यभागी फुगीर, काकडीच्या आकाराची वाट मोकळी लागते. तीन किलोमीटरच्या अंतरास ५.८ गिगाहर्ट्‌झवर या वाटेची मध्यावरील त्रिज्या सहा मीटरांच्या आसपास भरते, व तिचा निदान दहापैकी सहा हिस्से भाग मोकळा असावा लागतो. म्हणून मधल्या झाडाचा शेंडा नजरेच्या रेषेखाली किमान बारा फूट असला पाहिजे. आणि झाड वाढते हेही विसरू नये.

साग तोडण्याचा विचार कोणी बोलून दाखविला, तो आम्ही तेथेच थांबविला. त्याऐवजी टेकडीस वळसा पडेल अशा मुरमाड माळावर एका सभासदाच्या विहिरीवर पंपघर होते, त्याच्या छतावर मधला टप्पा घेतला. तेथून दोन्ही गावे उघडी दिसत. या टप्प्यासाठी जी पेटी आणली तीत दोन रेडिओ मॉड्यूल बसविण्याची सोय होती: एक मागच्या गावाकडून लहर घेणारे, दुसरे पुढे गोदामाकडे देणारे. ही पेटी आम्ही व गावातील आयटीआय शिकलेल्या एका तरुणाने मिळून बसविली. तो क्रम जसा घडला तसा सांगतो.

रेडिओ मॉड्यूल म्हणजे लहर उत्पन्न करणारी व ग्रहण करणारी लहानशी पाटी, आगपेटीहून फार मोठी नव्हे. पेटीचा वीजपुरवठा पूर्ण काढल्यावाचून तीस हात लावू नये. अंगात साठलेली स्थिर वीज नकळत पाटी जाळते. म्हणून आधी जमिनीशी जोडलेल्या धातूस हात लावावा आणि पाटी कडेने धरावी. ती खाचेत किंचित तिरपी सारावी, मग अलगद आडवी दाबून स्क्रू आवळावा. पाटीवर अँटेनाच्या बारीक तारांची टोके बसतात, ती गहूभर आकाराची असतात. ती सरळ वरून दाबून बसवावी, टक्‌ असा आवाज येतो. पुन्हापुन्हा काढघाल केल्यास ती सैल पडतात, यास्तव एकदाच नीट पाहून बसविणे बरे. दोन्ही मॉड्यूलच्या लहरींचे पट्टे एकमेकांपासून दूर ठरवून द्यावेत. नाहीतर एक बोलू लागले की दुसरे बहिरे होते.

येथे आमच्या हातून घडलेली चूक लपविण्यात अर्थ नाही. दुसरे मॉड्यूल बसवून, ते चालते की नाही हे पाहण्याच्या उतावळेपणात, अँटेना जोडण्यापूर्वीच आम्ही वीज दिली. लहरीस बाहेर पडण्यास वाट नसली म्हणजे ती उलटून यंत्रावरच येते. ते मॉड्यूल त्या दिवसापासून क्षीण झाले व अखेर बदलावे लागले. प्रथम अँटेना, नंतर वीज. उतरविताना प्रथम वीज, नंतर अँटेना. ज्या तोंडास अँटेना लावावयाची नसेल त्या तोंडास पन्नास ओहमची टोपी घालावी.

अँटेना विकत घेताना तोंडे जुळतात की नाही हे पेटी सोबत नेऊनच पाहावे. एसएमए व आरपी-एसएमए अशा दोन जातींचे आटे सारखेच असतात, एकावर दुसरे पुरते फिरते. परंतु मधली सुई व भोक यांची अदलाबदल असते. त्यामुळे कोठे सुईवर सुई चेपते, तर कोठे पोकळीसमोर पोकळी येते. बाहेरून सर्व ठीक, आत संबंध नाही. आमच्या तरुण मित्राचा एक दिवस यात फुकट गेला. तोंडे हाताने आवळावीत. पक्कड लावण्याचा मोह आवरावा.

अँटेना कोणत्या जातीची घ्यावी हे कामावर आहे. दोन गावे जोडावयाची तर एकाच दिशेस बळ देणारी पसरट अथवा ताटलीसारखी. गावात सभोवार लहर पसरावयाची तर उभ्या काठीसारखी. काठीची जात जितकी बळकट, तितकी तिची लहर भाकरीसारखी चपटी होऊन दूर जाते, आणि खांबाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसास काहीच मिळत नाही. म्हणून गोदामावर मध्यम बळाची घ्यावी. दोन टोकांच्या अँटेना एकाच ठेवणीत, उभी असल्यास उभी व आडवी असल्यास आडवी, असाव्यात. एक उभी व दुसरी आडवी झाल्यास लहरीचा फारच थोडा अंश हाती लागतो.

पेटी खाली खोलीत व अँटेना वर छपरावर, अशी मांडणी सोयीची वाटते. ती करू नये. जाड व उत्तम प्रतीची तार घेतली तरी ५.८ गिगाहर्ट्‌झवर दहा मीटरांत निम्म्याहून अधिक लहर तारेतच खर्ची पडते. पेटी खांबावर अँटेनालगत बांधावी आणि खालून इंटरनेटच्याच तारेतून वीज वर पाठवावी. ही सोय बहुतेक पेट्यांस असते व शंभर मीटरांपर्यंत चालते. पंपघरावरील वीज भरवशाची नसल्याने आम्ही सौर पाटी व बॅटरी ठेवली.

पाऊस हा यांचा खरा शत्रू. जोडाची तोंडे खाली पाहतील अशी ठेवावीत. त्यांवर आपोआप एकजीव होणारी रबरी पट्टी खालून वर गुंडाळीत जावी, म्हणजे कौलांप्रमाणे वरचा पदर खालच्यावर येऊन पाणी निथळते. वरून खाली गुंडाळल्यास तेच पाणी पदरात शिरते. तार पेटीत शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग वर घ्यावी, थेंब झोळाच्या टोकाशी गळून पडतो. तारेचे भोक बुजविले नाही तर मुंग्या व पाली आत बिऱ्हाड करतात. आणि वानरे! आमच्या खांबावर झोके घेऊन त्यांनी अँटेनाचे तोंड दोनदा फिरविले. तेव्हापासून प्रत्येक पकडीस दोन बोल्ट घातले आहेत.

वळवाच्या दिवसांत आपल्या भागात वीज पडून माणसे व जनावरे दगावतात. उंच धातूचा खांब उभारून त्यास जमिनीशी जोडले नाही तर आपण ती आपत्ती सोसायटीच्या छपरावर बोलावून घेतो. खांबास जाड तांब्याची पट्टी लावून ती स्वतंत्र खड्ड्यात सोडावी, आणि तारेवर वीजरोधक बसवावा. आभाळ भरून आले असता कोणीही खांबावर चढू नये, मग संपर्क तुटलेला का असेना. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना देते. संपर्क हवा तो अशाही कामासाठी.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. मोबाईलसाठी वापरावयाच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींस २००५ च्या नियमांनी परवान्यातून मुक्त केले, परंतु अँटेनासह एकूण बळ चार वॅटपर्यंत व अँटेनाची उंची इमारतीच्या छपरावर पाच मीटरांपर्यंत, अशी मर्यादा घातली आहे. ती ओलांडून मनोरा उभारणे झाल्यास वेगळी परवानगी लागते. सोसायटीस सभासदांव्यतिरिक्त इतरांनाही संपर्क द्यावयाचा असेल, तर डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेखाली सार्वजनिक डेटा कार्यालय चालविण्यास परवाना अथवा शुल्क लागत नाही.

खांब उभा राहिल्यावर आम्ही गोदामात एक वही ठेवली. दर पंधरवड्यास आकडा, त्या दिवशीचे हवामान, सागाची पालवी, आणि काही आवळले, बदलले असल्यास ते, एवढे तीत लिहिले जाते. पहिल्या श्रावणातील उणे ८२ तीत तांबड्या शाईने मांडलेला आहे. मधला टप्पा घेतल्यानंतरच्या श्रावणात, चार दिवसांची झड लागून राहिली असता, आकडा उणे ६४ होता, आणि आदल्या वर्षी राहून गेलेल्या पाचही खातेदारांची पाहणी त्याच आठवड्यात गेली. त्यांपैकी एका म्हातारीने आपल्या तुरीसमोर उभी राहून छायाचित्र स्वतः काढले. त्यात तूर थोडी व तिचा अंगठा पुष्कळ आला होता, म्हणून ते पुन्हा काढावे लागले.