हक्कांचे दप्तर कोणाच्या कपाटात?

पूर्व लंडनमधल्या इल्फर्डच्या पुढचे स्टेशन सेव्हन किंग्ज. लंडनची एलिझाबेथ लाइन 24 मे 2022 रोजी सुरू झाली. आज या मार्गावरच्या प्रत्येक स्टेशनात व्हीलचेअर रस्त्यापासून फलाटापर्यंत जाते. मूळ आराखड्यात मात्र सात स्टेशने तशीच, जिन्यांच्या भरवशावर सोडलेली होती आणि त्यांत सेव्हन किंग्जही होते. ट्रान्सपोर्ट फॉर ऑल या संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि 2014 मध्ये लिफ्टसाठी पैसे मंजूर झाले. आता बाबागाडी ढकलणारी आई आणि गुडघे दुखणारे आजोबाही त्या लिफ्टने वर जातात. ही लिफ्ट भांडून मिळवलेली आहे, हे त्यांना कोण सांगणार? अशा लढ्यांची पत्रके, फलक आणि सभांची टिपणे बहुधा कार्यकर्त्यांच्या घरीच राहतात. माणूस गेला, घर रिकामे झाले की ती रद्दीत जातात.

अपंग, निराधार आणि मनोरुग्ण यांच्याविषयीच्या कागदांचा इल्फर्डच्या परिसराला तुटवडा कधीच नव्हता. बार्किंगसाइडला डॉ. बार्नार्डोंनी 1870च्या दशकात निराधार मुलींसाठी वसाहत उभारली. क्लेबरीचे प्रचंड मनोरुग्णालय 1893चे, गुडमेजचे 1901चे. नोंदी ठेवण्यात अशा संस्था काटेकोर असत, पण लेखणी अधीक्षकाच्या किंवा डॉक्टरच्या हातात. ज्याच्याविषयी लिहिले, त्याला काय वाटले हे त्या वहीत क्वचितच सापडते. छायाचित्रांचेही तेच. बार्नार्डो आपल्या संस्थेतल्या मुलांची ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी छायाचित्रे विकून देणग्या मिळवत. ती मुद्दाम रचलेली असल्याचा आरोप झाला आणि 1877 मध्ये लवादाने त्याबद्दल त्यांना दोष दिला. दया यावी म्हणून केलेले चित्र आज पुरावा म्हणून पाहताना फार सांभाळून पाहावे लागते.

म्हणूनच मला पॉल हंट यांचे पत्र मोलाचे वाटते. हॅम्पशरमधल्या ल कोर्ट या निवासी संस्थेत त्यांनी अनेक वर्षे काढली होती. 20 सप्टेंबर 1972 रोजी ‘गार्डियन’मध्ये त्यांचे छोटे पत्र छापून आले : संस्थांत कोंडलेल्या अपंगांनी स्वतःची संघटना उभारावी. त्यातून ‘यूपिआस’ ही संघटना जन्मली. सभासदांपैकी काहीजण संस्थांतच राहत असल्याने आपसांतली परिपत्रके गोपनीय ठेवली जात. वर्गणी, मतभेद, रागलोभ, एकेका शब्दावरून वाद, सगळे त्यांत आहे. माणसाला अपंग करतो तो समाज, ही संघटनेने 1976 मध्ये छापलेली भूमिका पुढे जगभर पोचली, पण ती घडली अशा कागदांवर. हंट 1979 मध्ये गेले. हे कागद कोणी जपले नसते, तर आपल्या हाती फक्त निष्कर्ष उरला असता.

लीड्स विद्यापीठाने या चळवळीचे बरेच लेखन सर्वांना मोफत वाचायला खुले केले. मँचेस्टरच्या सेंट्रल लायब्ररीत अपंगांच्या संघटनेने स्वतःचे दप्तर आणून ठेवले. हाय विकमच्या बकिंगहॅमशर न्यू युनिव्हर्सिटीत अपंगांच्या कलाचळवळीचा राष्ट्रीय संग्रह आहे. त्यामागे शिल्पकार टोनी हीटन यांची दीर्घ धडपड आहे. जुन्या व्हीलचेअरच्या भागांतून ग्रेट ब्रिटनचा नकाशा साकारणारे तेच. आयटीव्हीच्या ‘टेलिथॉन’ या, दयेचे आवाहन करून निधी गोळा करणाऱ्या कार्यक्रमाविरुद्ध 1990 आणि 1992 मध्ये अपंगांनी स्टुडिओबाहेर निदर्शने केली. 1992 नंतर तो पुन्हा झाला नाही. त्या निदर्शनांतल्या घोषणांचे टी-शर्ट आता वारसा म्हणून जपले जातात आणि ते योग्यच आहे. अंगावर घातलेली घोषणाही दस्तऐवज असते.

इल्फर्डच्या क्लेमेंट्स रोडवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयातच रेडब्रिज या स्थानिक बरोचे संग्रहालय आहे. मनोरुग्णालयाच्या इतिहासाशेजारी सेव्हन किंग्जच्या लिफ्टची फाइल तिथे असावी, असे मला मनापासून वाटते. तीही मोहीम लढलेल्यांच्या हातची आणि त्यांच्या आवाजातल्या आठवणींसह.

आणि मुंबईकडे पाहिले तरी हेच मनात येते. सेंट झेवियर्स कॉलेजात 2003 मध्ये दृष्टिहीनांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले. वाचता येईल अशा रूपात पुस्तक मिळण्याच्या हक्कासाठी ते झगडले. 2012 मध्ये त्यासाठी भारताचा कॉपीराइट कायदा बदलला आणि 2014 मध्ये याच हक्कासाठीच्या आंतरराष्ट्रीय माराकेश कराराला मान्यता देणारा भारत पहिला देश ठरला. त्या वर्षांतली निवेदने, मसुदे आणि मंत्रालयांची उत्तरे कॉलेजच्या ग्रंथालयांनी आताच मागून घ्यावीत. ती सूचीत नोंदवावीत आणि ब्रेल व ध्वनिमुद्रणातही ठेवावीत. ज्यांनी ती लिहिली, त्यांतल्या अनेकांना ती छापील कागदावरून वाचता येणार नाहीत.