विश्लेषण : फवारणीच्या विषाने डोळ्यांच्या बाहुल्या का आकसतात? शरीराची स्वयंचलित यंत्रणा कशी कोलमडते?

कपाशीवरच्या फवारणीचा हंगाम आला की विदर्भातील रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण दाखल होऊ लागतात. २०१७ च्या हंगामात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा मृत्यू झाला आणि शेकडो जणांना उपचार घ्यावे लागले. त्या वेळी अनेक प्रकारची कीटकनाशके चर्चेत आली. त्यांपैकी मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही ऑर्गनोफॉस्फेट गटातील औषधे थेट शरीराच्या स्वयंचलित यंत्रणेवर घाव घालतात. ही यंत्रणा कोणती आणि ती कशी चालते, याचा आढावा.

स्वायत्त चेतासंस्था म्हणजे काय?

हृदयाचे ठोके, रक्तदाब, पचन, घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्यांचा आकार या गोष्टी आपण ठरवून करत नाही. झोपेतही हे काम सुरू असते. ते सांभाळणाऱ्या चेतातंतूंच्या जाळ्याला स्वायत्त चेतासंस्था म्हणतात. तिचे नियंत्रण मेंदूतील हायपोथॅलॅमस आणि मेंदूच्या देठाकडे असते.

तिची रचना कशी असते?

तिचे दोन मुख्य विभाग आहेत. पहिला सिम्पथेटिक, म्हणजे अनुकंपी. त्याचे तंतू पाठीच्या कण्याच्या छाती आणि कमरेच्या भागातून निघतात. धोका दिसला की तो ठोके वाढवतो, बाहुल्या मोठ्या करतो, श्वासनलिका रुंद करतो. दुसरा पॅरासिम्पथेटिक, म्हणजे परानुकंपी. त्याचे तंतू मेंदूच्या देठातून आणि कण्याच्या अगदी खालच्या भागातून निघतात. तो ठोके कमी करतो, लाळ व पाचकरस वाढवतो, बाहुल्या लहान करतो. त्याचा बराचसा कारभार व्हेगस या लांबलचक चेतातंतूमार्फत चालतो. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे तिसरे, बरेचसे स्वतंत्र जाळेही असते.

पहिला विभाग ॲक्सिलेटर आणि दुसरा ब्रेक, असे ढोबळमानाने म्हणता येईल. मात्र हा ब्रेक कायम थोडा दाबलेलाच असतो. कोणताही संदेश न मिळाल्यास हृदय मिनिटाला सुमारे १०० ठोक्यांनी धडधडेल. आरामात बसलेल्या माणसाची नाडी ७० च्या आसपास राहते, ती मुख्यतः व्हेगसमुळे.

संदेश अवयवापर्यंत कसा पोहोचतो?

मेंदू किंवा कण्यातून निघालेला संदेश साधारणपणे दोन चेतापेशींच्या साखळीने जातो. शेवटी चेतातंतूच्या टोकाशी रसायन सुटते आणि अवयव त्याला प्रतिसाद देतो. परानुकंपी विभागाचे हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून ते दाखवून दिले. एका हृदयाची व्हेगस उत्तेजित करून त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर सोडताच त्याचेही ठोके मंदावले. लोवी यांना १९३६ मध्ये हेन्री डेल यांच्यासह नोबेल मिळाले.

काम झाले की ॲसिटिलकोलिनेस्टरेझ हे विकर ॲसिटिलकोलिनचे क्षणार्धात तुकडे करते. संदेश थांबतो आणि पुढच्या संदेशाला जागा होते.

कीटकनाशक नेमके काय बिघडवते?

ऑर्गनोफॉस्फेट या विकरालाच जखडून ठेवते. रसायन साचत जाते आणि संदेश थांबतच नाही. म्हणजे ब्रेक दाबलेल्या अवस्थेत अडकतो. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून लाळ वाहते, उलट्या-जुलाब होतात, नाडी मंदावते. सर्वांत घातक म्हणजे श्वासनलिका आकसून त्यात स्राव भरतो आणि रुग्णाला श्वास घेता येत नाही.

मग घाम का फुटतो? घामाच्या ग्रंथी अनुकंपी विभागाच्या ताब्यात असल्या, तरी त्यांना संदेश ॲसिटिलकोलिननेच मिळतो. दोन्ही विभागांच्या साखळीतील पहिली पेशीही हेच रसायन वापरते. त्यामुळे काही रुग्णांची नाडी सुरुवातीला मंद नव्हे, तर वेगवान आढळते. ऐच्छिक स्नायूंनाही हेच रसायन चालवते, म्हणून ते फडफडतात आणि नंतर लुळे पडतात.

ॲट्रोपिन जीव कसा वाचवते?

ॲट्रोपिन साचलेले रसायन काढून टाकत नाही, तर अवयवांवर ते जिथे चिकटते ती जागा अडवते. छाती मोकळी होईपर्यंत डॉक्टर दर काही मिनिटांनी त्याची मात्रा वाढवतात. स्नायूंच्या दुर्बलतेवर मात्र ते चालत नाही, त्यामुळे काहींना व्हेंटिलेटर लागतो. सुरुवातीला बरे वाटल्यानंतरही एक ते चार दिवसांत मान व श्वसनाचे स्नायू कमजोर पडू शकतात. म्हणूनच ‘आता बरा आहे’ म्हणून रुग्णाला घाईने घरी नेणे जिवावर बेतू शकते.

धोत्र्यातही ॲट्रोपिन असते. पण त्याचे प्रमाण प्रत्येक झाडात वेगळे असल्याने धोत्रा हा उतारा नव्हे, ती दुसरी विषबाधा ठरेल.

फवारणीनंतर त्रास झाल्यास काय करावे?

हे विष त्वचेतूनही शरीरात जाते. त्यामुळे रुग्णाला शेतातून बाजूला आणून भिजलेले कपडे काढावेत आणि अंग साबण-पाण्याने धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. उलटी करवू नये. शुद्ध हरपत असल्यास कुशीवर झोपवावे आणि १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. औषधाचा डबा किंवा त्यावरील लेबल सोबत न्यावे, म्हणजे कोणते विष आहे हे डॉक्टरांना लगेच कळते. लेबलवरचा लाल त्रिकोण सर्वाधिक विषारी औषधाची खूण आहे. फवारणीनंतर डोळ्यांपुढे अंधूक दिसणे, लाळ सुटणे किंवा छाती भरून येणे हा उन्हाचा त्रास समजून अंगावर काढू नये.